पाकिटातला कापलेला लग

शिरूर,
नवरात्रातली पाचवी माळ

प्रिय सुदर्शन,

पत्र वाचायच्या आधी पाकीट झटक. जुन्या रुमालाच्या चिंधीत गुंडाळलेला तांब्याचा एक तुकडा बाहेर पडेल. तो घे, ओसरीवर उजेडात ने, नीट बघ आणि मनातल्या मनात दहापैकी मार्क दे. मग पुढचं वाच. तू पेपरसुद्धा मागच्या पानापासून उघडणारा माणूस, मला माहीत आहे, पण एवढं एक पत्र सरळ वाच. तुकडा कुणी केला ते मी शेवटी सांगणार आहे.

आणि हे आई-आबांसमोर मोठ्यानं वाचू नकोस, कारण मी अरेतुरे करणार आहे. केडगावला आले की मी 'अहो' म्हणतेच, डोक्यावरून ओढणीही घेते, पण एवढं मोठं पत्र 'अहो, तुम्ही' करत लिहायला बसले तर मला जे सांगायचंय ते येणारच नाही. फोन करून दमले. फोनवर तू एकदा 'हं' म्हणतोस, दुसऱ्यांदा 'हं' म्हणतोस, आणि मी दुकानाचा विषय काढला की फोन आईंच्या हातात देतोस. मग आई मला शेळीनं खाणं कसं टाकलंय ते सांगतात. शेळीवर माझी माया आहे, पण मी फोन नवऱ्याला केलेला असतो. पत्र असं पटकन दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, म्हणून हा खटाटोप. आबा आज बाजाराला आलेत, परत निघाले की त्यांच्याच पिशवीत टाकून देणार आहे. त्यांना काय लिहिलंय ते माहीत नाही, पण मी लिहायला बसलेली बघून ते उगाचच दोनदा चहा पिऊन आले.

तर विषय तुझ्या कामातला आहे. आपलं क्रिम्पिंग टूल गेलं. केबलच्या टोकाला लग दाबून बसवायचं, तुझं ते निळं, दोन दांड्यांचं. पंपातून तेल झिरपायला लागलं, तुझ्या हाताखालच्या संपतनं सील बदललं, पुन्हा झिरपलं. लग दाबणाऱ्या डाय अर्ध्यापर्यंत येतात आणि रुसलेल्या माणसासारख्या तिथंच अडून बसतात. माणसाचं नाव घेत नाही. बारक्या लगांचं टूल आहे, पण त्याचा आता उपयोग नाही, कारण मांडवगणच्या बबनआप्पांचं काम आलंय. आप्पा दूध गार करायचं नवं युनिट घालतायत. ट्रान्सफॉर्मरपासून पॅनेलपर्यंत तीनशे स्क्वेअरच्या केबली, जनरेटरच्या वेगळ्या, एकेक कोअर अंगठ्याएवढी जाड. आप्पा स्वतः दुकानात आले होते. मी म्हटलं, माणसं आहेत, करून देऊ. तर पायरीवरच उभे राहून म्हणाले, "दाबायला काय, कोनबी दाबंल. पर तार समदी आत गेली का न्हाई, ते सुदर्शनचं बोट सांगतं. त्यो हाय का न्हाई, एवढं सांग." मी 'आहेत' म्हणाले. ते खरं होतं की खोटं, हे आता तू ठरवायचंस.

कारण तू केडगावला जाताना काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. दिवाळीला दुकान संपतच्या ताब्यात दे, तू रांजणगावला एखाद्या कंपनीत लाग, मी इथं आबांच्या मळ्यात पाणी धरीन, एका हाताच्या माणसाचं लगाशी काय काम. एका दमात म्हणालास. आपण दोघं त्या अपघाताला अजून 'ते झालं तेव्हा' असंच म्हणतो, म्हणून मला एकदा सरळ लिहू दे. न्हावऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीतून सांडलेल्या पाचटावरून तुझी गाडी घसरली. मानेतून हाताकडे येणारी नस ओढली गेली. उजव्या हाताची बोटं थोडीफार हलतील, पण खांदा उचलला जाईल असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी आपल्याला समोरासमोर बसवून सांगितलं. मी लिहिलं, तू वाचलंस. आता ते आपल्यामध्ये उभं राहायला नको.

त्यानंतर सगळ्यांनी तुझ्यावर फार माया केली. आई तुला भाकरी कुस्करून द्यायला लागल्या. डाव्या हातानं भाकरी मोडता येते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. भेटायला येणारा जो तो 'आता नुस्तं बसून सांगायचं, काम पोरं करत्यात' असं म्हणून बिस्किटाचा पुडा ठेवून जायचा. आणि तू दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा दुकानात पाऊल टाकलंस, तेव्हा संपतनं पुढं होऊन तुला खुर्ची दिली. रुमालानं पुसून दिली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं रे, त्याला तर ते आदराचं वाटलं. पण मी तुझं तोंड बघितलं. एवढ्या वर्षांत त्या दुकानात तू कधी खुर्चीवर बसलेला नव्हतास. खुर्ची गिऱ्हाइकाची, आपण उभ्यानं, असं तूच म्हणायचास. तू बसलास, पाणी प्यालास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केडगावची गाडी धरलीस. त्या खुर्चीवर आता मी सामानाचे खोके ठेवलेत, म्हणजे ती कुणाला देताच येत नाही. संपतला कारण विचारायचं धाडस झालेलं नाही.

कालपासून मला सारखं पाबळ आठवतंय. तिथं आपण शिकत होतो तेव्हा तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास, आणि बोललास तेव्हा सरळ एक लग आणून माझ्या हातावर ठेवलास. आडवा कापलेला, पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केलेला. मला वाटलं काहीतरी दागिना आहे. तू म्हणालास, आत बघ. तारेचे सगळे पदर एकमेकांत दाबून मधाच्या पोळ्यासारखी घरं झाली होती, मध्ये सुई घालायलाही जागा नव्हती. बाहेरून सगळे लग सारखेच दिसतात, कापल्याशिवाय खरं कळत नाही, असं तू इतक्या गंभीरपणे सांगितलंस की मला हसू आवरेना. बाकीच्या मुली गुलाब मिळाला म्हणून मिरवत होत्या आणि मी कापलेला लग किल्लीला अडकवून फिरत होते. अजून तोच आहे. कडा झिजून मऊ झाल्यात.

आणि आमच्या आईला तू काय करतोस ते सांगताना माझी झालेली पंचाईत! तिला, म्हणजे रंगुबाईंना, जावई इंजिनीअर नाही, मास्तर नाही, मग करतो तरी काय, हे कळायला हवं होतं. मी म्हटलं, जाड केबलच्या टोकाला तांब्याची टोपी बसवतात आणि ती यंत्रानं इतकी दाबतात, की तार कुठली आणि टोपी कुठली ते कळू नये. ढिली राहिली तर तिथंच गरम होऊन जळतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी टोप्या दाबतो व्हय. दाबंना. पर मन लावून दाबतो का?" मी हो म्हटलं. लग्न ठरलं. पुढं आमच्या घरच्या मोटारीचा स्टार्टर तू दुरुस्त केलास तेव्हा ती तुझ्या मागं उभी राहून तुझं मन लागलंय का, ते बघत होती.

हे सगळं आठवायचं कारण असं, की तू नसताना मी स्वतः लग दाबायला घेतले. हसू नकोस. निळं टूल अजून चालत होतं तेव्हाची गोष्ट. गिरणीवाल्या सखूबाईंच्या पॅनेलचं काम होतं, केबल तुलनेनं बारीक, मी म्हटलं संपतवर सगळं कशाला टाकायचं. टूलचा एक दांडा काखेत दाबून दुसरा वरखाली करताना माझा जीव मेटाकुटीला आला, पण चारही लग असे झकास बसले, की मी त्यांचा फोटोसुद्धा काढला. आणि मग खाली बघते तर ग्लँड पुठ्ठ्यावर तशीच! पॅनेलच्या भोकात केबल धरून ठेवणारी ती पितळेची कडी आधी केबलमध्ये ओवायची असते, लग बसल्यावर ती जाणार कुठून? चारही लग कापून फेकावे लागले. सखूबाई म्हणाल्या, "मालक असते तर आधीच वरडले असते." खरंच ओरडला असतास. तू तर मी माहेरी निघाले तरी दारात 'ग्लँड घातली का' म्हणून विचारायचास, आणि मी पर्स तपासायची. हल्ली मी दुकानाला कुलूप लावताना स्वतःलाच विचारते. शेजारची प्राची ब्युटीपार्लरमधून डोकावून बघते, ही कुणाशी बोलते म्हणून.

बरं, टूलकडे येते. गेल्या आठवड्यात पुण्याला विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेले होते. तू नेहमी घेतोस त्या दुकानात नाही, त्याच्या पलीकडच्या बोळातल्या. नेहमीच्या ठिकाणी सगळे तुझी चौकशी करतील आणि मी रडेन, अशी मला भीती होती. मला टूल बघायचं होतं. दुकानातला माणूस तिकडं उत्तरेचा, बोलायला फार गोड. त्यानं आधी आपल्यासारखंच दोन दांड्यांचं काढलं. मी त्याला थांबायला सांगितलं, ओढणी सोडली, आणि माझा उजवा हात छातीशी घेऊन ओढणीनं घट्ट बांधून घ्यायला लागले. गाठ एका हातानं बसेना, ती त्यालाच मारायला लावली. तो घाबरला. "भाभीजी, हाथ को क्या हुआ?" मी म्हटलं, काही झालं नाही, माझा हात चांगला आहे, आज मी नवऱ्याचा हात घेऊन आलेय. त्यावर त्यानं शटर जरासं खाली ओढलं, म्हणजे रस्त्यावरची माणसं बघत उभी राहणार नाहीत, आणि एकेक टूल माझ्यापुढं मांडत गेला.

दोन दांड्यांचं लगेच बाद झालं. एक दांडा धरायचा कुणी? गुडघ्याखाली धरून बघितला, भिंतीला टेकवून बघितला, टूल सापासारखं वळवळत होतं. मग त्यानं हसत हसत बॅटरीचं काढलं. पिस्तुलासारखं, एका हातात मावणारं, बटण दाबलं की आपोआप. "ये तो एक हाथ का ही है, भाभीजी." मलाही क्षणभर वाटलं, झालं, मिळालं. घरी फोन करून सांगावं असं वाटलं. संपतनं, आबांनी, सगळ्यांनी बॅटरीचंच घ्यायला सांगितलं होतं. आणि मग मी ते डाव्या हातात घेऊन लगाजवळ नेलं तेव्हा लक्षात आलं, की आता केबल कोण धरणार? तार लगात शेवटपर्यंत रेटून कोण ठेवणार? बटण दाबायला हात आहे, पण त्या टूलनं माझा तोच एकुलता एक हात अडकवून ठेवला. केबल धरायला दुसरा माणूस लागणार. आणि मग तू काय करणार, तर बटण दाबणार. बटण कुणीही दाबेल. आप्पांचं बोलणं मला तिथं, त्या अर्ध्या शटरच्या आत नीट कळलं. तुझं काम दांड्यावर कधी नव्हतंच. तू लग बसवताना केबलवर बोट ठेवायचास, डोळे मिटायचास, जरासं फिरवायचास, आणि मग दाबायचास. टक् असा आवाज झाला की 'बसला' म्हणायचास. आम्हाला वाटायचं जोर महत्त्वाचा. तुलाही आता तेच वाटायला लागलंय, आणि याचा मला राग येतो, सुदर्शन. खरंच राग येतो.

मी ते पिस्तूल खाली ठेवलं आणि त्याला विचारलं, असं काही आहे का, की ज्यात हात मोकळा राहील? तो डोकं खाजवत आतल्या बाजूला गेला आणि धूळ झटकत एक जुन्या चालीचं घेऊन आला. तू बघितलेलं असशील. पंप जमिनीवर, त्याला शिवणयंत्रासारखं पायात पेडल, पंपातून एक लांब नळी, आणि नळीच्या टोकाला दाबायचं डोकं. आता हे फारसं कुणी घेत नाही म्हणाला, जड आहे, जागा खातं, सगळ्यांना बॅटरी हवी. मी ते डोकं टेबलावर आडवं ठेवलं, लग डायमध्ये बसवला, खटका लावला. डाव्या हातानं केबल आत रेटून धरली. आणि पायानं पेडल दाबत गेले. हात माझाच राहिला रे. सबंध वेळ केबलवर होता. डाय जवळ येताना तार आतल्या आत कशी आवळत जाते ते बोटांना कळत होतं. टक् झालं तेव्हा मी मोठ्यानं 'बसला' म्हणाले आणि तो भला माणूस टाळ्या वाजवायला लागला. मग मला रडू आलंच. बोळ बदलून काही उपयोग झाला नाही.

मी तुला फसवणार नाही. पंप जड आहे, साइटवर न्यायला म्हाळूचा टेम्पो लागेल आणि उचलायला संपत. केबल कापणं, वरची साल काढणं, तेही संपतच करणार. आणि खांबावरचं काम गेलं, तिथं हे न्यायचं म्हटलं तरी नेता येणार नाही. त्याचं तुला किती वाईट वाटतं ते मला माहीत आहे, कारण मलाही वाटतं. खांबावरून तू खाली बघून पाणी मागायचास तेव्हा मला फार आवडायचास. ते पुन्हा होणार नाही. पण चिलिंग युनिटमध्ये, पॅनेलरूममध्ये, जमिनीवर पाय ठेवून जे काम होतं ते सगळं तुझं आहे, आणि तुझे दोन्ही पाय ठणठणीत आहेत. रुसून केडगावला निघून जायला ते व्यवस्थित चालले.

मागच्या रविवारी मी तिकडं आले होते. तू गोठ्यापाशी उभा होतास आणि मी येऊन तुझ्या डाव्या बाजूला अगदी चिकटून उभी राहिले. तू इकडंतिकडं बघून म्हणालास, आई बघतायत. तुला वाटलं मी लाडात आलेय. मी तुझं कोपर माझ्या कुठं लागतं ते बघत होते. ओढणीला तिथं टाचणी लावून घेतली, आणि परत आल्यावर वेल्डिंगवाल्याकडून त्या उंचीचा एक स्टँड करून घेतला, लोखंडी अँगलचा, टूलचं डोकं त्यात घट्ट बसेल असा, म्हणजे तुला टेबलावर वाकावं लागणार नाही. आणि लाडातही आले होते. दोन्ही खरं होतं.

सकाळी रांजणगावच्या कंपनीची बस आपल्या दुकानासमोर थांबते. बायका डबे घेऊन चढतात, त्यातली एक मला रोज विचारते, येणार का गं, जागा निघाल्यात. मी धमकी देत नाही. कंपनीत काम करण्यात कमीपणा नाही आणि वेळ आली तर मी त्या बसमध्ये चढेन, हसत चढेन, घर चालवीन. तू मळ्यात पाणी धरशील आणि आबा म्हणतील बरं धरतो. आपण जगू. पण रोज संध्याकाळी तू माझ्याकडं दवाखान्यातून आलेल्या माणसासारखा बघशील, आणि मी तुझ्याशी जपून बोलेन, आणि असं जपून जपून आपण म्हातारे होऊ. ते मला नको आहे. मला माझ्यावर ओरडणारा माणूस पाहिजे. तू दौंडला व्यायामाला जातोस असं आई सांगतात, कधी जातोस, कधी बसून राहतोस. जात जा. हात जेवढा येईल तेवढा येऊ दे. पण हात आल्यावर बघू असं म्हणून तू सगळं आयुष्य त्या एका खांद्यावर टांगून ठेवू नकोस.

तर आता खरं सांगते. कुठलं टूल घ्यायचं हे विचारायला मी पत्र लिहिलेलं नाही, ते मी घेऊन आले. दुकानात स्टँडशेजारी खोक्यात आहे, नळी अजून प्लास्टिकच्या पिशवीत. नवमीला आपण अवजारं पुजतो, नव्या टूलला तू कुंकू लावतोस, पहिला लग तू दाबतोस आणि तो कापून सगळ्यांना दाखवतोस. ही रीत तूच घातलीस. यंदा झेंडूची माळ मी करेन, कुंकवाची वाटी भरून ठेवेन, केबलचा तुकडा कापून ठेवेन. टूलला मी हात लावणार नाही आणि संपतलाही लावू देणार नाही. आणि पाकिटातला तो तुकडा, ज्याला तू संपतचा समजून मार्क दिले असशील, तो माझा आहे. त्या बोळातला, दुकानदाराच्या नमुन्याच्या टूलवरचा, उजवा हात ओढणीनं बांधून डाव्या हातानं आणि पायानं केलेला. घरी आणून कापला, घासला, बघितला. मी स्वतःला सात दिले. खालच्या कडेला, तीन तारांच्या मध्ये, एक बारीकशी पोकळी राहिलीय. तुला ती पहिल्या नजरेला दिसली असणार. मी केबल रेटली होती, फिरवलीही होती, तरी ती का राहिली ते मला काही केल्या कळत नाही. संपतला विचारलं, त्यालाही सांगता येत नाही. तू ये आणि मला दाखव.

तुझीच
(आईंनी विचारलं तर 'तुमचीच')
सारिका